तर्रीच्या काठावरचे तारे

त्या गुरुवारी सकाळी मी अशी काही किंकाळी फोडली की बाबांच्या हातातला चहा त्यांच्या लुंगीवर सांडला आणि शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "साप निंगाला का वं?" साप नव्हता. लॅपटॉपवर बाण होते. बारीक निळे, शे-दीडशे तरी, आणि बहुतेक सगळे मधून बाहेरच्या दिशेनं तोंड करून. मी खुर्चीवरून उठले, पळत स्वयंपाकघरात गेले, तिथे माझं काहीच काम नव्हतं म्हणून पळत परत आले. बाण अजून तिथेच होते.

"बाबा, पांगून राहिले ते! खरंच पांगून राहिले!"

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले आणि बोलायला मोजके. लुंगी झटकत ते एवढंच म्हणाले, "कोण?"

कोण ते सांगते. मी खगोलशास्त्रात पीएचडी करत होते. मार्गदर्शक बाई पुण्यात, मी नागपुरात आमच्या इंदोऱ्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. माझा विषय म्हणजे दक्षिणेच्या आकाशातला एक तेजोमेघ. त्याला नाव नाही, यादीतला एक लांबलचक क्रमांक आहे, आणि तो आमच्या घरात कुणालाच पाठ होईना. एकदा माझी आत्या कामठीहून आली होती. ती तिथे शिवणाचे क्लास चालवते आणि कुठल्याही गोष्टीबद्दल दहा सेकंदांच्या आत मत बनवते. मी तिला त्या मेघाचा फोटो दाखवला. लालभडक वायूचा थर, मध्ये काळपट धूळ, आणि त्यात बुडालेले पिवळे-पांढरे तारे. आत्या म्हणाली, "हे तं तर्री हाये वं! आन हे चणे." झालं. पोह्यांवर ओततात ती तर्री. त्या दिवसापासून तो मेघ तर्री झाला. पुढे पुढे पुण्याच्या बाईसुद्धा व्हिडिओ कॉलवर अगदी गंभीरपणे विचारायच्या, "तर्रीचं काय झालं?"

आता चण्यांचं. तारे एकेकटे जन्मत नाहीत, हे लोकांना सांगितलं की त्यांना का कोण जाणे फार आनंद होतो. वायू आणि धूळ यांचा अतिशय थंड ढग असतो. तो स्वतःच्याच वजनानं आकसतो, त्यात धागे पडतात, धागे जिथे एकमेकांना भेटतात तिथे गाठी होतात, आणि एकेका गाठीत शेकडो तारे जवळपास एकाच सुमाराला पेटतात. एका मेघात अशा कितीतरी गाठी. काही गाठी सरकत सरकत मध्यावर येतात आणि एकमेकींत मिसळून मोठा गुच्छ होतो. काही मात्र काठाकाठानं आपल्याच तंद्रीत राहतात. ही पोरं एकत्र राहतात ती फक्त स्वतःच्या वजनावर नव्हे. भोवती उरलेल्या वायूचंही वजन असतं, आणि बऱ्याचदा तेच जास्त असतं. मग त्याच भावंडांतले दोन-चार थोरले, सगळ्यांत तापट, आपल्या प्रकाशानं आणि वाऱ्यानं तो वायू फुंकून टाकतात. वायू गेला की पकड ढिली होते, आणि बाकीची पोरं ज्या वेगानं इकडेतिकडे बागडत होती त्याच वेगानं हळूहळू पांगायला लागतात. काही कोटी वर्षांनी कोण कुणाचं होतं हे ओळखूसुद्धा येत नाही. आपला सूर्यही बहुधा अशाच एका घरातला. त्याची भावंडं कुठे गेली हे कुणालाच माहीत नाही.

माझा प्रश्न तर्रीच्या काठावरच्या एका छोट्या गाठीचा होता. तिच्याभोवतीचा वायू नुकताच गेलेला दिसत होता. मग ते तारे धरून आहेत की पांगताहेत? एका अवकाश दुर्बिणीनं कोट्यवधी ताऱ्यांची आकाशातली सरक वर्षानुवर्षं मोजून ती माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. ती घ्यायची, गाठीतल्या प्रत्येक ताऱ्याची सरक काढायची, त्यातून सगळ्या गाठीची मिळून जी चाल आहे ती वजा करायची, आणि जे उरेल त्याचा बाण काढायचा. हे वाचायला दोन ओळी लागतात. मला दोन उन्हाळे लागले होते, कारण गाठीतला तारा कोणता आणि मधेच वाटेत उभा असलेला परका तारा कोणता, हे निवडणं म्हणजे तांदळातले पांढरे खडे निवडणं.

आणि घाई होती. शिष्यवृत्ती केव्हाच संपली होती. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती, "शेवटची" हा शब्द त्यांनी ठळक अक्षरात लिहिला होता, आणि त्या मुदतीत बसायचं तर शेवटचं प्रकरण सोमवारी बाईंकडे जायला हवं होतं. गाठ पांगते आहे की नाही याचं उत्तर नसेल तर प्रकरण नाही, आणि प्रकरण नसेल तर आधीची पाच प्रकरणं म्हणजे नुसतीच प्रस्तावना. म्हणून ती किंकाळी. माझं सगळं त्या बाणांवर होतं.

मग मी जे केलं ते आमच्या भागात कुणीही केलं असतं. बाणांचा फोटो काढला, आणि तपासणं, पुन्हा मोजणं वगैरे करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, "पांगले!!!"

चौथ्या मिनिटाला आत्याचा फोन. "काय पांगलं वं?"

"चणे."

"आपले चणे?" आत्या ओरडली. मग तिनं फोन तसाच हातात ठेवून क्लासमधल्या मुलींना सांगितलं, "अवो, आमच्या पोट्टीचे चणे पांगले!" आणि त्या मुलींनी, त्यांना काय समजलं देव जाणे, टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मीही फोनवर टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळपर्यंत घरात संत्रा बर्फीचे तीन डबे आले. त्यातला एक बाबांनीच आणला होता, आणि कुणासाठी विचारल्यावर म्हणाले, "आले-गेले राहतात." आले-गेले खरोखरच आले. एक काका म्हणाले, ताऱ्याला आपल्या वस्तीचं नाव देता येईल का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, चौकाचं? एका वहिनीनं विचारलं, ते पांगले तर आपल्यावर पडणार तर नाहीत ना, आणि मी नाही म्हटल्यावर तिनं निश्चिंत होऊन बर्फीचा दुसरा तुकडा उचलला. विहाराच्या समितीतले दोघं आले, जय भीम घातला, पंख्याखाली बसले आणि माझ्या देखत माझ्याबद्दल ठरवून टाकलं की येत्या रविवारी सकाळी अकराला विहाराच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय, आपल्या पोट्टीनं काय शोधलं.

"पण अजून तपासायचं हाये, काका," मी म्हणाले.

"तपासत राय ना. रविवारले अजून बम टाइम हाये."

हवेत तरंगणाऱ्या माणसाला जमिनीची आठवण करून दिलेली आवडत नाही. मी हो म्हणून बसले.

शुक्रवारी बाईंचा कॉल होता. बाई कधीच आवाज चढवत नाहीत. त्यांनी बाण पाहिले, चष्मा वर केला, पुन्हा पाहिले. "छान," त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीत दोन इंच उंच झाले. मग त्या म्हणाल्या, "चित्रपट उलटा चालवलात का?"

चालवला होता. बाण उलटे फिरवायचे, तारे मागे मागे नेत जायचे, ते सगळ्यांत जवळ कधी येतात ते बघायचं. म्हणजे पांगणं सुरू कधी झालं, ते कळतं. ते वय एक. दुसरं वय ताऱ्यांच्या रंगावरून आणि तेजावरून निघतं, कारण कोवळे तारे विशिष्ट तऱ्हेनं लालसर आणि फुगीर असतात. दोन्ही वयं साधारण सारखी यायला हवीत. माझी येत नव्हती. बाणांवरून निघालेलं वय रंगाच्या वयाच्या निम्मंही नव्हतं. बाणांवर विश्वास ठेवायचा तर तारे जन्मल्यावर बराच काळ गप्प बसले आणि नंतर अचानक कुणीतरी हाकलल्यासारखे धावत सुटले.

"रंगावरून वय काढणं कच्चं असतं ना, मॅडम," मी म्हणाले. काय सराईतपणे म्हणाले!

"असतं," बाई म्हणाल्या. "बाणही कच्चे असू शकतात. दोन वयं का भांडताहेत ते सापडलं तर प्रकरण पाठवा. नाही सापडलं तर मला सोमवारी तसं सांगा, आपण हा भाग काढून टाकू."

काढून टाकू म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. शनिवारचा सबंध दिवस मी सगळं उलटंपालटं केलं. परके तारे पुन्हा निवडले, थोरले तारे वगळून पाहिले, गाठीचा मध्य इकडेतिकडे सरकवला. वयं भांडतच राहिली. आणि तरीही, खोटं कशाला सांगू, माझा आनंद उतरेना. जेवताना बाण आठवले की हसू यायचं. आई असती तर म्हणाली असती, पोरगी भैताड झाली.

रविवारी सकाळी मी मोपेडवर आत्याला आणायला कामठीला गेले. आत्या नव्या साडीत, केसांत गजरा, मांडीवर पिशवी, पिशवीत अर्थातच बर्फी. मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच अंगावर येत होतं. कामठी रोडवरून आम्ही आमच्या चौकाकडे वळलो, आणि समोर, रस्त्याच्या बरोबर मध्यावर दोन बांबूंना ताणून बांधलेलं, माझं फ्लेक्स.

मी कामठीला गेले तेवढ्यात वस्तीतल्या पोट्ट्यांनी लावलं असणार. आमच्याकडे दहावी पास झालं, नोकरी लागली, वाढदिवस झाला की फ्लेक्स लागतं, त्यात नवल नाही. पण हे दुमजली घराएवढं होतं. वरच्या कोपऱ्यात कॉलेजच्या ओळखपत्रावरची मी, दोन वेण्या आणि चोरासारखे डोळे. खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेल्या एकवीस पोट्ट्यांचे चेहरे, प्रत्येक चेहरा माझ्यापेक्षा मोठा. मधल्या ओळीत लिहिलं होतं, "आकाशातील तारे पांगवणाऱ्या आमच्या लाडक्या ताईचे हार्दिक अभिनंदन." आणि उरलेल्या सगळ्या जागेत माझ्या स्टेटसवरून उचललेलं चित्र. लाल तर्री, पांढरे ठिपके, निळे बाण.

"बाप्पाऽ!" आत्या मागून म्हणाली. "काय दिसून राहिली तू!"

मी मात्र माझ्याकडे बघत नव्हते. मी ठिपक्यांकडे बघत होते. मोपेड पुढे जात होती, फ्लेक्स जवळ येत होतं, आणि ठिपके एकमेकांपासून दूर जात होते. उजवीकडचा उजवीकडे, डावीकडचा डावीकडे, वरचा वर. मधून बाहेर. अगदी बाणांच्या दिशेनं.

मी करकचून ब्रेक दाबला. आत्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं.

"काहून थांबली वं?"

मी मोपेड वळवली, रस्त्याच्या टोकापर्यंत मागे नेली, आणि पुन्हा फ्लेक्सकडे निघाले. पुन्हा ठिपके पसरले. फ्लेक्सचे ठिपके कुठे पसरणार, ते छापलेले होते. मी त्यांच्याकडे जात होते म्हणून ते पसरताना दिसत होते. आणि तर्रीच्या काठावरची ती गाठ? ती जर आपल्याकडे येत असेल, तर तिच्यातले तारे जागच्या जागी राहूनही आपल्याला पांगताना दिसतील. हे पुस्तकात असतं. हे मला माहीत होतं. हे मी स्वतः दोन वर्षांपूर्वी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, गाठ आपल्याकडे किती वेगानं येते तो आकडा घालायची जागाही ठेवली होती. पण तेव्हा या गाठीचा तो वेग कुणी मोजलेलाच नव्हता, म्हणून मी तिथे शून्य घातलं होतं. तात्पुरतं. गाठ इतकी लांब, काय फरक पडणार, असं म्हणून.

तात्पुरतं शून्य दोन वर्षं तिथे बसलं होतं. मी मोपेड वळवून तिसऱ्यांदा फ्लेक्सकडे निघाले, कारण मला खात्री करायची होती, आणि खरं सांगायचं तर कारण ते दिसायला फार सुंदर होतं. पानठेल्यावरचे लोक आता उठून उभे राहिले होते.

"पाय ना, सोताचंच फ्लेक्स पाहायले चकरा मारून राहिली!" एक जण म्हणाला.

"मारू दे ना लेका, तुयं लागलं का कधी?" दुसरा म्हणाला.

आत्यानं माझ्या खांद्यावर चापट मारली. "लोकं हसून राहिले वं! बस झालं पाहणं!"

"आत्या, बाण चुकले," मी म्हणाले. "पण कितीक चुकले ते मले आत्ताच पाहा लागते."

आत्या गप्प बसली. हे इतकं दुर्मीळ आहे की मी आरशात पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. "अकरा वाजता सगळे येऊन राहिले," ती म्हणाली. "अन् हे एवढं मोठं फ्लेक्स."

घरी लाइट नव्हती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी प्लग काढला की पाच मिनिटांत मान टाकते. विहाराच्या हॉलला इन्व्हर्टर आहे, म्हणून बाबांनी चार्जर घेतला, मी लॅपटॉप घेतला, आत्यानं बर्फी सोडली नाही, आणि आम्ही तिघं हॉलमध्ये. फोनच्या इंटरनेटवर शोधलं तर त्या गाठीतल्या काही ताऱ्यांचा प्रकाश एका नव्या पाहणीत फोडून बघितलेला होता. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातल्या रेघा निळ्याकडे सरकतात, आणि किती सरकल्या त्यावरून वेग कळतो. रेघा निळ्याकडे सरकल्या होत्या. गाठ आपल्याकडे येत होती, आणि चांगली वेगात येत होती. मी शून्य खोडलं आणि तो आकडा घातला.

आता प्रोग्रॅम लगेच उत्तर देत नाही. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असते, म्हणून तो प्रत्येक ताऱ्याला त्या चुकीएवढं हलवून तेच गणित पुन्हा पुन्हा करतो, हजारदा करतो, आणि मग सांगतो. तो चालू झाला आणि लोक यायला लागले. सतरंज्या भरल्या, खुर्च्या भरल्या. प्रोजेक्टर माझ्याच लॅपटॉपला जोडलेला. पडद्यावर तर्रीचं चित्र, आणि त्याच्या मागे, कुणाला न दिसता, माझं नशीब शिजत होतं.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा भीतीही वाटत होती आणि आतून गुदगुल्याही होत होत्या, दोन्ही एकदम. आज या सगळ्यांसमोर सांगावं लागेल की फ्लेक्सवरचं खोटं आहे, याची भीती होती. आणि खरं काय ते थोड्याच वेळात कळेल, याच्या गुदगुल्या.

हॉलमध्ये एकच मोठा कूलर आहे आणि अख्खी सभा त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसली होती. मागे जागा मोकळी, पण तिकडे कोण जाणार? मी म्हटलं, "तुम्ही सगळे असे खेटून काहून बसले?"

"कूलर हाये ना, ताई."

"मंग तुम्ही तारे. अन् ही थंडी हवा म्हणजे वायू. कोणीतरी कूलर बंद करा."

"ए, बंद नको करू बे!" असा मोठा ओरडा झाला, पण फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी एकानं बटण दाबलंच. मी ढगाबद्दल, धाग्यांबद्दल, गाठींबद्दल बोलत राहिले. तोवर पहिल्या काकू उठून दारापाशी गेल्या. दोघं खिडकीकडे सरकले. मुलं पंख्याखाली. एक आजोबा सरळ बाहेर निंबाखाली जाऊन बसले. "पाहा," मी म्हणाले, "वायू गेला, गुच्छ पांगला." सगळे एकमेकांकडे बघून इतके हसले की मलाही बोलवेना. निंबाखालचे आजोबा बाहेरून ओरडले, "म्या तारा हाव का?" "हाव आजोबा, तुम्ही सगळ्यात पुढं गेले!" कूलर पुन्हा सुरू झाला आणि आजोबा सोडून सगळे पळत आपापल्या जागी आले. खरे तारे असं करत नाहीत, हे सांगायला मला कुणी वेळच दिला नाही.

मग मी फ्लेक्सवर आले. म्हणाले की चौकात जे मोठे बाण लागले आहेत, त्यात एक गडबड आहे. ती गाठ आपल्याकडे येते आहे, आणि जवळ येणारी गोष्ट नुसती येण्यानंच पसरताना दिसते. ते पसरणं वजा करायचं माझ्याकडून राहिलं होतं. वजा केल्यावर काय उरतं ते—

आणि तर्रीचं चित्र झाकून नवीन चित्र आपोआप पडद्यावर उघडलं.

बाण छोटे झाले होते. बघवत नव्हते इतके छोटे. फ्लेक्सवरच्या बाणांचे तुकडे पडल्यासारखे. काही ताऱ्यांना तर बाण आहे की नुसता ठिपका, कळत नव्हतं. 

"कमी झाले वं," मघाशी दारापाशी गेलेल्या काकू हळूच म्हणाल्या.

आत्या उभी राहिली. तिचा आवाज चिरका झाला होता. "तं काय झालं? पोट्टीनं मेहनत तं केली ना? पुढच्या टाइमले होईन मोठे!" चार-सहा जणींनी मान हलवली. समितीतले काका घसा साफ करून म्हणाले, अपयश ही यशाची पहिली पायरी असते. फ्लेक्सवाल्या पोट्ट्यांनी माना खाली घातल्या. सगळी सभा माझं सांत्वन करायला लागली.

मी चित्राच्या खालच्या ओळी वाचत होते. तिथे दोन वयं लिहिलेली असतात. बाणांवरून एक, रंगावरून एक. छोटे बाण म्हणजे हळू पांगणं, आणि हळू पांगत इथवर पोचायचं तर जास्त काळ लागणार. बाणांचं वय वाढलं होतं. वाढून वाढून ते रंगाच्या वयाशेजारी येऊन बसलं होतं. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले दोन आकडे, एकाच उंबऱ्यावर. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा बोट लावून वाचलं. कुणी गप्प बसलं नव्हतं, कुणी अचानक धावत सुटलं नव्हतं. वायू गेला तेव्हाच, जन्मानंतर लगेचच, हे तारे हळूहळू एकमेकांपासून निघाले होते आणि अजून निघतच होते.

मला हसू फुटलं. माइक हातात होता हे मी विसरले होते. ते हसू स्पीकरमधून हॉलभर, आणि बाहेर निंबाखाली, आणि बहुधा चौकापर्यंत गेलं. थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी टेबल धरलं.

"पोट्टीले ऊन लागलं!" आत्या किंचाळली. "पाणी आना! कांदा आना कोणी!"

तिघीजणी पाणी घेऊन धावल्या. एकीनं माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. मी हसता हसता सांगायचा प्रयत्न करत होते, "नाही, काकू, वय, दोन्ही वय," आणि त्या म्हणत होत्या, "हाव बेटा, वय हाये अजून तुयं, काय इतकं मनाले लावून घेते."

बाबा मागच्या रांगेतून उठले. बायकांच्या गर्दीतून वाट काढत ते पडद्यापाशी गेले, खालच्या दोन ओळी त्यांनी जवळ जाऊन वाचल्या, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. गुरुवारपासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसलेल्या या माणसानं माझं बाईंशी झालेलं सगळं बोलणं ऐकलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"भांडण मिटलं दोन्ही वयांचं?" त्यांनी विचारलं.

"मिटलं, बाबा."

"तपासलं?"

"हजारदा तपासलं."

ते वळले आणि सभेला म्हणाले, "बसा खाली. पोरगी बरी हाये. मोठे बाण खोटे होते. हे लहान बाण खरे हायेत." मग जरा थांबून, जणू रेल्वेची घोषणा करताहेत तसं, "पांगून राहिले ते. पण हयूहयू, सावकाश."

 मग फ्लेक्सवाल्या पोट्ट्यांपैकी एकानं शिट्टी मारली आणि हॉल फुटला. टाळ्या, बर्फी, आत्याचं रडणं, मघाच्या काकूंचं "मले तं पयलेच वाटलं होतं", सगळं एकदम. आजोबा बाहेरून विचारत राहिले, काय झालं, काय झालं, आणि त्यांना सांगायला कुणीच गेलं नाही म्हणून मीच गेले.

परत आले तेव्हा बाबा माझ्या लॅपटॉपशेजारी बसले होते, कुणी प्लग काढू नये म्हणून त्यावर हात ठेवून. मी बाजूला बसले. पीएचडीच्या सहा वर्षांत एक प्रश्न मला साऱ्या नातेवाइकांनी विचारला होता, लग्नात, मयतीला, भाजीच्या ठेल्यापाशी. बाबांनी तेवढा कधीच विचारला नव्हता. आता ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "मंग, झालं?"

"झालं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि प्लगवरचा हात काढला नाही.